माऊचं कडवं

नाट्यगृहाबाहेरच्या चहाच्या टपरीपाशी उभं राहून मी वीस वर्षं एकच वाक्य ऐकत आलो. "बरं होतं हो, पण सिनेमात असं नव्हतं." म्हणणारा बदलायचा, गाव बदलायचं, वाक्य मात्र तेच.

माझा धंदाच तसा आहे. घराघरांत पुन्हापुन्हा पाहिले गेलेले कौटुंबिक सिनेमे घ्यायचे आणि त्यांची संगीत नाटकं करायची. मी निनाद हर्डीकर, राहणार सांगली. संहिता मी लिहितो, गाणी मी बांधतो आणि प्रयोगात ऑर्गनही मीच वाजवतो, कारण दुसरा वाजवणारा वेळेवर येत नाही. सिनेमात नायिका बैलगाडीतून पडते, तिला मला सोफ्यावरून पाडावं लागतं. सिनेमात विहिरीवर पन्नास बायका नाचतात. माझ्याकडे चार असतात आणि त्यातली एक गुडघ्यामुळे जागच्या जागीच नाचते. प्रेक्षक हे सगळं समजून घेतो आणि तरीही बाहेर येऊन ते वाक्य म्हणतोच. त्याला सिनेमा बघायचा नसतो. त्याला तो सिनेमा पहिल्यांदा बघताना शेजारी बसलेली आत्या हवी असते, सतरंजी हवी असते, मधेच गेलेली वीज हवी असते. ते मी कुठून आणू?

त्यामुळे आमचे निर्माते यशोधन निकते जेव्हा म्हणाले की, हे वाक्य कायमचं बंद करणारं यंत्र निघालंय, तेव्हा मी आधी हसलोच. दोन हजार एकोणचाळीस साल होतं. यंत्रं रोजच निघत होती.

निकते पुढच्याच रविवारी सकाळी पुण्याच्या डॉक्टर शर्वाणी गोगटे यांना घेऊन घरी आले. बाई स्मरणशक्तीवर संशोधन करणाऱ्या, वय चाळिशीचं, बोलणं मोजकं. आईनं आंबोळ्या केल्या होत्या. चटणी घ्यायला म्हणून डॉक्टरबाईंनी टेबलाच्या कडेला ठेवलेली छोटी स्टीलची वाटी उचलली, तसा आईनं त्यांचा हात हळूच धरला.

"ती नको. ती चिऊची आहे. तुम्हाला दुसरी देते."

मग मला सांगावं लागलं. चिऊ म्हणजे केतकी, माझी धाकटी बहीण. सहा वर्षांची असताना मेंदूज्वरानं गेली. मिरजेच्या दवाखान्यात अकरा दिवस होती. त्याआधी दोन वर्षं तिनं 'सात ताटं' हा सिनेमा कॅसेट अडकेपर्यंत पाहिला होता. एका घरात सात माणसं, सातही भांडखोर, कधी एका वेळी जेवायला बसत नाहीत. शेवटी एका संध्याकाळी बसतात, तिथं गाणं आहे. त्या गाण्याचं शेवटचं कडवं घरातली सगळ्यात लहान मुलगी टेबलाखालून म्हणते, मांडीवर मांजर घेऊन:

सात माणसं, सात ताटं,
माऊ बघते कुणाची वाट?

आमची चिऊ रोज रात्रीच्या जेवणाआधी ही वाटी घेऊन टेबलाखाली बसायची आणि हे म्हणायची. तिचं कडवं झाल्याशिवाय कुणी घास उचलायचा नाही, असा नियमच होता. बाबासुद्धा भाकरी हातात धरून थांबायचे. ती गेली, पुढे बाबाही गेले, पण नियम राहिला. बेचाळीस वर्षं आई रोज त्या वाटीत चमचाभर दहीभात ठेवते, ओठांतल्या ओठांत ते कडवं म्हणते आणि मग जेवते. चिऊचे फोटो आहेत चार-पाच. आवाज कुठंच नाही. घरात टेपरेकॉर्डर होता, पण बाबांनी त्यावर क्रिकेटची कॉमेंट्री टेप करून ठेवली होती. चिऊचा आवाज उरला होता तो फक्त आईच्या आणि माझ्या डोक्यात.

डॉक्टरबाईंनी थोडा वेळ कोरडीच आंबोळी खाल्ली. मग त्यांनी यंत्राचं सांगितलं.

"आठवण कपाटात ठेवलेल्या फोटोसारखी नसते. तुम्ही ती आठवता तेव्हा ती पुन्हा ओली होते, नुकत्याच घातलेल्या सिमेंटसारखी. काही तासांनी वाळते. ओली असताना वरून मांजर चाललं, तर पावलं कायमची राहतात. अपघातातून वाचलेल्या लोकांसाठी आम्ही हेच वापरतो. भीतीची आठवण ओली करायची, तिच्यावर शांतपणा उमटवायचा."

ओली कशी करायची, हा प्रश्न होता. उत्तर श्वासात सापडलं. खुर्चीत एक पट्टी बसवायची, ती माणसाचा श्वास मोजते. त्याच खुर्चीखाली कानाला न कळणारी बारीक थरथर सोडायची. माणूस नकळत तिच्या लयीत श्वास घेऊ लागतो, मिनिटाला सहा. एकटा माणूस असेल तर परिणाम बेताचा. सातशे माणसं एका लयीत श्वास घेऊ लागली की प्रत्येकाच्या शरीराला वाटतं आपण सुरक्षित आहोत, आणि मेंदू पहारा सोडतो. अशा वेळी ओळखीची चाल कानावर पडली, की जुनी आठवण वर येते, ओली होते, आणि समोर रंगमंचावर जे चाललंय ते तिच्यावर उमटतं. यंत्राचं नाव त्यांनी 'सहश्वास' ठेवलं होतं.

"म्हणजे प्रेक्षकाला सिनेमा आठवणारच नाही?" मी विचारलं.

"आठवेल की," निकते म्हणाले, "तुझा."

"पक्कं होत नाही ते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आठवड्याभरात मूळ आठवण बरीचशी वर येते. मात्र पथ्य एकच. एका बैठकीत एक गोष्ट एकदाच. ओली असताना तीच गोष्ट पुन्हा झाली, तर मेंदू ती महत्त्वाची समजतो आणि घट्ट करून टाकतो."

त्यांच्याकडे एक फॉर्म होता. त्यातला अकरावा प्रश्न मला अजून तोंडपाठ आहे. 'एका प्रयोगात कोणताही भाग पुन्हा सादर होतो का?' मी संहिता डोळ्यांसमोर आणली आणि लिहिलं, 'नाही.' अगदी प्रामाणिकपणे लिहिलं.

"पहिला सिनेमा कोणता घ्यायचा?" निकतेंनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "सात ताटं घ्या. सगळ्यांच्या घरचा आहे तो." पाहुणे गेल्यावर तिनं मला विचारलं, "माऊचं कडवं ठेवशील ना रे?"

"म्हणजे काय? ठेवणारच."

नाही ठेवलं. कडव्यासाठी नऊ मुली पाहिल्या. नववी मुक्ता नावाची होती, मिरजेच्या एका शिक्षकांची मुलगी, पुढचे दोन दात पडलेले. तिनं 'माऊ बघते' एवढंच म्हटलं आणि मी उठून बाहेर स्कूटरपाशी जाऊन उभा राहिलो. परत आत गेलोच नाही. निकतेंना सांगितलं की, कडव्यानं गाणं खाली बसतं. त्यापेक्षा सातही जणांच्या वरच्या सुरावर संपवू, प्रेक्षक उभा राहील. निकते आनंदानं हो म्हणाले. लहान मूल म्हणजे आईबाप, शाळा, परीक्षा, सगळंच सोबत येतं. खरं कारण मी कुणालाच सांगितलं नाही. दुसऱ्या कुणाच्या मुलीच्या तोंडून ते ऐकायची माझ्यात ताकद नव्हती. आईला प्रयोगात कळेल, ती रागावेल, दोन दिवस बोलणार नाही, मग बोलेल, असं मी धरून चाललो होतो.

पहिला प्रयोग सांगलीत, रविवारी दुपारी चार वाजता. आई तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर. मी रंगमंचाच्या पुढ्यात, वादकांच्या बाकावर. आमच्या बाकांना ती पट्टी नव्हती, खालची थरथरही नव्हती.

पहिल्या अंकातच नाट्यगृह बदललं. खोकला थांबला. पिशव्यांची कुरकुर थांबली. हशा आला तो एका फटक्यात आला आणि एका फटक्यात थांबला. वीस वर्षांत मी असा प्रेक्षक पाहिला नव्हता. मला जरा भीती वाटली आणि खूप आनंद झाला, दोन्ही एकदम.

दुसऱ्या अंकाच्या शेवटी गाणं आलं. सात जण, सात ताटं, वरचा षड्ज. ऑर्गनवरून मी हात उचलतोय तोच तिसऱ्या रांगेतून खणखणीत आवाज आला.

"वन्स मोअर!"

तो आवाज सगळी सांगली ओळखते. आमच्याकडे वन्स मोअर ही काही निव्वळ दाद नव्हे, तो प्रेक्षकाचा हक्क आहे, आणि माझी आई तो हक्क माझ्या प्रत्येक नाटकात बजावत आली आहे. लहानपणी मला लाज वाटायची. पन्नाशी उलटली तरी थोडी वाटतेच. तिच्यामागून सातशे माणसांनी तोच पुकारा केला. आम्ही गाणं पुन्हा घेतलं. पुन्हा वन्स मोअर. पुन्हा घेतलं. तिसऱ्यांदा पुन्हा तीच, सगळ्यांच्या आधी. कडवं गाळल्याबद्दल रागावलेली बाई वन्स मोअर देत नाही. म्हणजे तिनं मला माफ केलं, असं समजून मी इतक्या जोमात वाजवलं की तबलेवाला माझ्याकडे बघायला लागला.

प्रयोगानंतर टपरीपाशी ते वाक्य कुणीच म्हणालं नाही. एक गृहस्थ माझा हात धरून रडले. "अगदी सिनेमासारखं. एक फ्रेम हललेली नाही." आई आली, माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "एक शब्द इकडचा तिकडे केला नाहीस. शहाणा माझा."

मला वाटलं, टोमणा मारतेय.

त्या रात्री जेवताना तिनं वाटी घेतली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी म्हटलं, राग आहे, उतरेल. पाचव्या दिवशी ती वाटी मला मसाल्याच्या मांडणीवर दिसली. तिच्यात मेथीदाणे भरलेले होते.

"आई, ही चिऊची वाटी."

"चिऊची? तिला कुठं वेगळी वाटी होती?"

"ती टेबलाखाली ही घेऊन बसायची. गायची."

"केतकी?" आई हसली, पण हसणं मधेच राहिलं. "ती कुठं गायची रे? ती तर सारखी झोपलेली असायची." मग ती खुर्चीवर बसली आणि तळहात न्याहाळत राहिली. "काय की, अलीकडे चिऊ आठवायला गेले, तर ते सलाइनच दिसतं. हाताला बांधलेली लाकडी पट्टी दिसते. घरातली चिऊ दिसतच नाही. वय झालं माझं."

मी गच्चीवर जाऊन डॉक्टरबाईंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कुठला भाग पुन्हा झाला होता का?"

"नाही. गाण्याला तीन वन्स मोअर पडले, तेवढेच."

फोनवर कागद उलटल्याचा आवाज आला.

"हर्डीकर, फॉर्मवर तुम्ही 'नाही' लिहिलं होतंत."

"संहितेत नव्हतं ते," मी म्हणालो. माझ्याच कानाला ते वाक्य इतकं मूर्खासारखं लागलं की मी खाली बसलो. बाई बेंगळुरूत वाढलेल्या, आमच्या संगीत नाटकाला कधी आलेल्याच नव्हत्या. पुण्यात त्यांनी चाचणी घेतली ती विद्यार्थ्यांवर. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि घरी गेले. त्यांना माहीत नव्हतं, आणि मला इतकं माहीत होतं की लिहायचं सुचलं नाही.

"कडवं गेलं हे समजलं," मी म्हणालो. "पण त्याबरोबर चिऊ का गेली?"

"एका आठवणीला दुसरी चिकटलेली असते. ते कडवं गेलं तसं त्यातलं टेबल गेलं, वाटी गेली, गाणारी मुलगी गेली."

"मग दवाखाना कसा राहिला?"

"त्याचा सिनेमाशी संबंध नव्हता," त्या म्हणाल्या. आवाज रडवेला होता, पण उत्तर खरं होतं.

निकतेंना सांगितलं तर त्यांनी विचारलं, "कुणाची तक्रार आलीय का?" नव्हती. कशी येणार? जे गेलं ते गेल्याचं ज्याचं त्यालाच कळत नव्हतं. फक्त इचलकरंजीहून एका बाईंचं पत्र आलं. त्यांना सर्दी झाली म्हणून यजमान एकटेच नाटकाला आले होते. 'आमची पहिली भेट त्या सिनेमाच्या वेळी झाली होती. ते आता म्हणतात, तू तिथं नव्हतीस. आपण काही औषध सुचवाल का?' असं त्यांनी लिहिलं होतं. मी ते पत्र निकतेंसमोर ठेवलं. त्यांनी माणुसकी दाखवली आणि 'कृपया वन्स मोअर देऊ नये' अशी पाटी लावली. सांगलीच्या प्रेक्षकानं पाटी वाचली आणि ईर्षेला पेटून पाच वन्स मोअर दिले. पुढच्या जाहिरातीत निकतेंनी तेच छापलं.

मी आईला मूळ सिनेमा लावून दाखवला. गाणं आलं. टेबलाखालची मुलगी आली, मांडीवर मांजर, आणि तिनं कडवं म्हटलं. आई पुढे झुकली. मी पडदा सोडून तिच्याकडे बघत राहिलो.

"हे मधेच कुणी घुसडलं?" आई म्हणाली. "हल्ली कॉम्प्युटरवर काहीही करून दाखवतात. बंद कर ते."

मग एका दुपारी, ती मटार सोलत असताना, मी तिला सगळं सांगून टाकलं. यंत्र, अकरावा प्रश्न, नऊ मुली, मी गाळलेलं कडवं. ती सोलत राहिली. शेवटी म्हणाली, "म्हणजे मीच ओरडले म्हणतोस."

"तू नेहमीसारखी ओरडलीस. गाळलं मी."

"म्हणून दाखव बरं ते."

मी म्हटलं. त्रेपन्न वर्षांच्या पुरुषाच्या आवाजात, काळी चारच्या पट्टीत, व्यवस्थित. तिनं लक्ष देऊन ऐकलं. तिला खरंच आठवायचं होतं, ते मला तिच्या कपाळावर दिसत होतं.

"तू सांगतोस तर असेल," ती म्हणाली. "पण ऐकीव वाटतं रे मला. शेजाऱ्यांच्या मुलीबद्दल कुणी सांगावं ना, तसं." आणि तिनं मटारांचं पातेलं माझ्याकडे सरकवलं.

मी पुन्हा डॉक्टरबाईंना विचारलं. तेच नाट्यगृह, तीच खुर्ची, तेच गाणं, पण कडव्यासकट, चालेल? "एकदा घट्ट झालेली आठवण पुन्हा ओली झालेली मी पाहिलेली नाही," त्या म्हणाल्या. "आणि झालीच, तर कडवं परत येईल. मुलगी येईलच असं नाही. तरी करून बघा." निकते एका प्रयोगापुरते तयार झाले.

मुक्ताला बोलावलं. तिचे दात आता आले होते. दहा दिवस मी तिला कडवं शिकवलं, चिऊ 'वाट' म्हणताना जरा ओढायची तसं ओढायला शिकवलं. या वेळी बाहेर पळालो नाही. आठव्या दिवशी लक्षात आलं की डोळे मिटून मी चिऊला ऐकायला गेलो, की मुक्ताच ऐकू येतेय. तरी शिकवत राहिलो. माझ्याकडचं गेलं तरी चालेल, आईकडे परत येऊ दे, असं मी मनात म्हणालो. कुणाला म्हणालो ते माहीत नाही.

प्रयोग दुपारी चारचा. आई तिसऱ्या रांगेत, त्याच खुर्चीवर. नाट्यगृह एका लयीत श्वास घेत होतं. सात जणांचं गाणं संपलं, दिवे उतरले आणि टेबलाखालून मुक्तानं म्हटलं:

सात माणसं, सात ताटं,
माऊ बघते कुणाची वाट?

'वाट' तिनं बरोबर ओढलं. मी ऑर्गनवरून हात उचलले नाहीत. तसेच पट्ट्यांवर ठेवून तिसऱ्या रांगेकडे मान वळवली आणि वाट पाहिली. त्या आवाजाला कधी एवढा वेळ लागला नव्हता. कुणीतरी टाळ्या सुरू केल्या, बाकीच्यांनी वाजवल्या. आई चष्मा काढून पदरानं पुसत होती. एक क्षण मला वाटलं, रडतेय. तिनं चष्मा उजेडाकडे धरून पाहिला, पुन्हा पुसला आणि डोळ्यांवर चढवला. डोळे कोरडे होते.

घरी जाताना रिक्षात ती माझ्या शेजारी बसली. हल्लीच्या या रिक्षांना चालक नसतो, त्यामुळे बोलायला कुणाचा अडसर नव्हता.

"मुलगी गोड होती," ती म्हणाली. "कुणाची रे?"

"मिरजेच्या एका मास्तरांची."

"तिला दुसरं काहीतरी गायला दे. ते मांजराचं मात्र काढून टाक."

"का?"

तिनं माझा हात हातात घेतला. मला वाईट वाटू नये म्हणून, नवीन माणसाला त्याची चूक सांगावी तसं, अगदी हळू आवाजात म्हणाली, "सिनेमात असं नव्हतं."

घरी आल्यावर तिनं वरणाला फोडणी दिली. वाटीतले चिमूटभर मेथीदाणे घेतले आणि वाटी परत मांडणीवर ठेवली. टेबलावर दोन ताटं मांडली. मी हात धुऊन आलो, बसलो, आणि कडवं न म्हणता आम्ही जेवायला सुरुवात केली.